अतिवृष्टीचं अनुदान पहिल्यांदाच काढताय? पंचनाम्यापासून पैसे जमा होईपर्यंत काय काय करायचं

शेती नुकतीच तुमच्या नावावर आलीये, किंवा नाव अजून वडिलांचंच आहे पण कागदांची पळापळ तुमच्या गळ्यात पडलीये, किंवा नोकरी पुण्याला आणि शेत परंड्याला अशी अवस्था आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात सेवा केंद्र चालवतो, त्यामुळं अनुदानाची यादी लागली की दुकानापुढं गर्दी होते आणि येणारा जो तो एकच विचारतो, "शेजाऱ्याचे आले, माझे का नाही आले?" दोघांच्या रानात पाणी सारखंच होतं. फरक असतो तो सातबारावरच्या नावात, आधारात, बँकेत, नाहीतर पंचनाम्याच्या कागदावर, आणि यातलं बरंच काही पाऊस यायच्या आधी घरबसल्या दुरुस्त करता येण्यासारखं असतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा

अतिवृष्टीचं अनुदान वेगळं आणि पीक विमा वेगळा. अनुदान सरकार देतं, एसडीआरएफ-एनडीआरएफच्या (राज्य आणि केंद्राच्या आपत्ती मदत निधीच्या) निकषांवर, त्याला हप्ता भरायचा नसतो. विमा कंपनी देते, तो हप्ता भरला असेल तरच. एक मिळालं म्हणून दुसरं बंद होत नाही. विम्यात आधी शेतात पाणी साचलं की ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं असायचं, पण राज्यात १ रुपयातला विमा बंद होऊन २०२५ च्या खरिपापासून खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता सुरू झाला, आणि त्या हंगामात भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगाच्या (नमुन्याच्या रानात पीक कापून मोजलेल्या) उत्पन्नावर ठेवली. म्हणजे त्या खरिपात ७२ तासांची तक्रार करून काहीच हाती लागणार नव्हतं, तरी कित्येक जण फोन लावत बसले होते. तुमच्या हंगामाला कुठला नियम आहे ते १४४४७ या पीक विम्याच्या हेल्पलाइनवर विचारून घ्या आणि विमा तिथंच सोडा, कारण हा लेख अनुदानाचा आहे.

दुसरं म्हणजे अनुदानातून पिकाची किंमत भरून निघत नाही. पुढच्या पेरणीला बी-खताला हातभार म्हणून ते देतात, दर तेवढ्याच हिशोबानं ठरलेत. सोयाबीन एकरी किती झालं असतं आणि भाव काय होता हे गणित तलाठ्यापुढं मांडून काही उपयोग नाही, त्या कागदावर तसा रकानाच नाही.

तिसरं, आणि नवीन माणूस हमखास इथं चुकतो, या अनुदानाला ऑनलाइन फॉर्म नसतो. "फॉर्म कधी सुटणार?" म्हणून वाट बघत बसू नका. पंचनामा हाच तुमचा अर्ज. पंचनाम्यात नाव आलं तर यादीत येणार, यादीत आलं तर पैसे येणार.

उन्हाळ्यातच उरकायची कामं

सातबारा काढा आणि नीट वाचा. आठ-अ पण काढा, म्हणजे तुमच्या नावावर एकूण किती क्षेत्र आहे ते कळतं. नाव आधारसारखंच आहे का बघा. सातबारावर "बाबू" आणि आधारवर "बाबुराव", किंवा एकीकडं आडनाव आहे आणि दुसरीकडं नुसतंच वडिलांचं नाव, असलं असेल तर आत्ताच दुरुस्तीला लागा.

खातेदार वारला असेल आणि वारस नोंद झाली नसेल तर हे सगळ्यात पहिलं काम. मेलेल्या माणसाच्या नावावर यादी येते, व्हीके नंबरही (यादीतला ज्याचा त्याचा क्रमांक) पडतो, पण ई-केवायसीला, म्हणजे आधारवरून ओळख पटवायला, अंगठा कोण लावणार? मग भावाभावांत संमती गोळा करा, तहसीलला चकरा मारा, तोपर्यंत पुढचा पाऊस येतो. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारनं "जिवंत सातबारा" म्हणून मोहीम काढली ती याच्यासाठीच, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायला. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते आणि स्वयंघोषणापत्र घेऊन तलाठ्याकडं जा किंवा ई-हक्क या सरकारी साइटवरून अर्ज टाका. आणि फेरफार (नाव बदलाची नोंद) मंजूर होऊन नवीन सातबारा हातात पडेपर्यंत पाठ सोडू नका, नुसता अर्ज दिला म्हणजे काम झालं असं नसतं.

फार्मर आयडी. अ‍ॅग्रीस्टॅकचा तो शेतकरी ओळख क्रमांक. जुलै २०२५ पासून आपत्तीच्या मदतीला राज्यानं तो सक्तीचा केलाय. तो काढताना तुमचे सगळे गट (सातबारावरचे जमिनीचे नंबर) त्यात जोडलेत का हे तपासा, कारण लोक एक गट जोडून ओके करून टाकतात आणि दुसऱ्या शिवारातली जमीन तशीच राहते. दोन गावांत जमीन असली तर दोन्हीकडची दिसली पाहिजे. या आयडीचा एक रोकडा फायदा असा की २०२५ च्या मदतीच्या वेळी अ‍ॅग्रीस्टॅकवाल्यांना ई-केवायसीतून सूट दिली होती, म्हणजे ज्यांनी आयडी काढून ठेवला होता त्यांना माझ्या दुकानापुढं उभं राहायची गरजच पडली नाही. धंदा माझा बुडाला, पण काढून ठेवा.

ई-पीक पाहणी. मोबाईलवर अ‍ॅप आहे, शेतात उभं राहून फोटो काढायचा असतो, घरून होत नाही. खरिपाची पाहणी साधारण ऑगस्टपासून सुरू होते आणि मुदत बऱ्याचदा वाढते, पण वाढेल या भरवशावर राहू नका. पाहणी केलीच नाही तर सातबारावर पिकाचा रकाना कोरा राहतो, आणि मग रानात सोयाबीन सडत असलं तरी "इथं पेरलेलं होतं कशावरून?" हा वाद तुमच्याच डोक्यावर येतो. आंतरपीक असेल तर दोन्ही नोंदवा. बागायत असेल तर सिंचनाचं साधन, विहीर की बोअर, ते टाका, कारण जिरायत आणि बागायत दरात दुपटीचा फरक आहे आणि पंचनाम्याच्या वेळी तोंडी सांगितलेली विहीर कागदावर नसली तर अवघड जातं.

आता बँक. सगळ्यात जास्त पैसे इथंच अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि आधारवर डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येणं) सुरू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत आधारची झेरॉक्स दिली, मॅनेजर म्हणाले लिंक झालं, म्हणजे बँकेची केवायसी झाली एवढंच. सरकारचे पैसे जिथं जातात तो एनपीसीआय या संस्थेचा मॅपर, म्हणजे कुठल्या आधारला कुठली बँक याची यादी, वेगळा, आणि त्यात एका आधारला एकच बँक असते, जी शेवटी जोडली ती. आता घरात काय होतं, की कधीतरी कुणीतरी गावात कॅम्प लावून पोस्टाचं नाहीतर कुठल्या पेमेंट बँकेचं खातं काढून गेलेलं असतं, अंगठा लावलेला असतो, आणि पैसे गुपचूप तिकडं जमा होत राहतात, इकडं म्हातारं दर आठवड्याला जिल्हा बँकेत पासबुक भरून आणतंय. माय-आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे, तिथं आधार नंबर आणि ओटीपी टाकला की कुठली बँक मॅप झालीये आणि चालू आहे का बंद, ते लगेच दिसतं. ओटीपीसाठी मोबाईल आधारला जोडलेला लागतो, तो नसेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन ते करा, त्याच खेपेत म्हाताऱ्या माणसांचे अंगठे पण अपडेट करून घ्या, कारण शेतात राबून राबून बोटावरच्या रेषा पुसल्या जातात आणि मशीन काही केल्या घेत नाही.

जनावरं असतील तर कानातला बिल्ला. गाय, म्हैस, बैल, शेळी, सगळ्यांना १२ आकडी टॅग मारून घ्या, पशुवैद्यकीय दवाखान्यात मारतात. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराची आपत्तीतली भरपाई मिळत नाही असा नियम झालाय. बिल्ल्याचे नंबर एका वहीत लिहून ठेवा किंवा मोबाईलमध्ये फोटो ठेवा. जनावर पुरात वाहून गेलं तर बिल्लाही त्याच्यासोबत जातो, मागं राहतो तो हा नंबर.

पाणी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस

आधी माणसं आणि जनावरं, हे सांगायला नको. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा नंबर १०७७.

पाणी उतरायला लागलं की फोटो काढा, पण नुसते पिकाचे जवळून काढलेले फोटो कुणालाच कळत नाहीत. बांध, विहीर, लाइटचा खांब, झाड, असं काहीतरी ओळखीचं मागं दिसू द्या, म्हणजे हे तुमचंच रान आहे हे कळतं. लोकेशन आणि तारीख फोटोवर उमटवणारे कॅमेरा अ‍ॅप आहेत, ते टाकून घ्या. वावर मोठं असेल तर व्हिडिओ करा, एका कोपऱ्यापासून चालत चालत.

मग तलाठ्याला एक साधा अर्ज द्या. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच चालतं. अर्जात नाव, गाव, गट नंबर, पीक, अंदाजे किती आर गेलं, कुठल्या तारखेला पाणी आलं, मोबाईल नंबर, बस. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. अर्ज सक्तीचा नाही, पंचनामा त्यांनी तसाही करायचाच असतो, पण सज्जात (तलाठ्याच्या हद्दीत) चार-पाच गावं असतात, एकटा माणूस असतो, आणि तुमचं रान जर गावापासून लांब ओढ्याच्या पलीकडं असेल तर राहून जाऊ शकतं. पोच घेतलेला कागद असला की नंतर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं कुणी म्हणू शकत नाही. सगळ्या वस्तीनं मिळून एकच अर्ज दिला तरी चालतो, उलट जास्त वजन पडतं.

पावसाचा आकडा पण लक्षात ठेवा. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तर अतिवृष्टी धरतात, आणि तो आकडा मंडळातल्या महावेधच्या हवामान यंत्रावरून घेतात. यंत्र आठ-दहा किलोमीटरवर असतं, तुमच्या शिवारात ढग फुटला आणि तिथं शिंतोडे पडले असं होतंच. तेव्हा हातपाय गाळू नका. नदी-ओढ्याचं पाणी शिरून नुकसान झालं तर ते पुरात बसतं, त्याला तुमच्या मंडळातला पाऊस बघत नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीकाठी बऱ्याच ठिकाणी हेच होतं, वरून आलेलं पाणी. शिवाय रोज थोडा थोडा पण सलग पडून पीक सडलं तर २०२३ पासून राज्यानं "सततचा पाऊस" ही पण आपत्ती धरलीये, त्याचे निकष वेगळे आहेत. म्हणून अर्जात नुसतं "अतिवृष्टी" लिहून थांबू नका, काय झालं ते लिहा, पूर आला, पाणी साचलं, ओढा फुटला, जे झालं ते.

पंचनाम्याच्या दिवशी

तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, तिघांनी मिळून करायचा असतो. प्रत्यक्षात तिघं एकत्र येतातच असं नाही, एक येतो आणि बाकीच्यांच्या सह्या मागाहून होतात, ते काम करणाऱ्या माणसाची अडचणही समजून घ्या, त्याच्याकडं पाचशे-सहाशे खातेदार असतात आणि वरून रोज आकडा मागतात. पण तुम्ही मात्र रानात हजर राहा. स्वतः जमत नसेल तर घरातलं कळतं माणूस पाठवा, सातबारा, आधार आणि फार्मर आयडीची झेरॉक्स देऊन.

तिथं चार गोष्टी बघायच्या. गट नंबर बरोबर लिहिलाय का. पीक कुठलं लिहिलंय आणि जिरायत की बागायत. बाधित क्षेत्र किती लिहिलंय, हेक्टर आणि आरमध्ये, कारण एकर-गुंठ्यात बोलताना आणि आरमध्ये लिहिताना घोळ होतो, १ एकर म्हणजे ४० आर हे लक्षात ठेवा. आणि नुकसानीची टक्केवारी. ३३ टक्के किंवा त्याच्या वर असलं तरच मदत बसते, ३० लिहिलं की विषय संपला. वाद घालायचा असेल तर तिथंच, बांधावर, शांतपणे, शेंगा फोडून दाखवा, मुळं उपटून दाखवा, फोटो दाखवा. सही करायच्या आधी वाचा. कोऱ्या कागदावर सही करू नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. मग त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या.

सामाईक सातबारा असेल, तीन भाऊ एकाच गटात, तर कुणाच्या हिश्शात किती हे आधीच ठरवा. हिस्से दाखवलेले नसतील तर एकाच्या नावावर रक्कम टाकून बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. भावकीत बोलणं बंद असेल तर हे संमतीपत्र म्हणजे मोठं प्रकरण होऊन बसतं.

बटईनं करत असाल तर स्पष्ट सांगतो, पैसे सातबाराच्या मालकाच्याच खात्यात जाणार. बी, खत, मजुरी तुमची गेली तरी. हे चूक आहे असं माझं मत, पण आज नियम असाच आहे, तेव्हा बटई ठरवतानाच "अनुदान आलं तर किती कुणाचं" हे दोन साक्षीदारांपुढं बोलून घ्या.

किती मिळतात

२०२२ ते २०२६ साठी जे केंद्राचे निकष होते त्यात हेक्टरी जिरायतीला ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि मर्यादा २ हेक्टर. क्षेत्र अगदी थोडं असलं तरी कमीत कमी अनुक्रमे १,०००, २,००० आणि २,५०० रुपये. म्हणजे १ हेक्टर २० आर जिरायत सोयाबीन गेलं तर १०,२०० रुपये.

यात गोंधळ कुठं होतो, तर राज्य सरकार कधी कधी स्वतःची भर घालतं आणि मग ती काढून घेतं. २०२४ च्या जानेवारीत दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते, मर्यादा ३ हेक्टर केली होती. मे २०२५ च्या जीआरनं (शासन निर्णयानं) ते परत ८,५०० आणि २ हेक्टरवर आणले. मग सप्टेंबरात मराठवाडा-सोलापूर पाण्याखाली गेलं आणि ७ ऑक्टोबर २०२५ ला मुख्यमंत्री फडणवीसांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात मर्यादा पुन्हा ३ हेक्टर, आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी १०,००० जादा. हे १०,००० मिळवून जिरायतीचे १८,५००, बागायतीचे २७,००० आणि बहुवार्षिकचे ३२,५०० होत होते, पण दोन्हीचे जीआर आणि याद्या वेगळ्या निघाल्या, त्यामुळं पहिले ८,५०० च्या हिशोबानं आले तेव्हा लोकांनी "साहेबांनी आमचे दहा हजार खाल्ले" म्हणून ओरड केली. तेव्हा टीव्हीवरच्या बातमीवर जाऊ नका, तुमच्या आपत्तीच्या तारखेचा जीआर कुठला आहे ते तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत विचारा. निकष बदलले की दरही बदलतात, वरचे आकडे कायमचे समजू नका.

पिकाशिवाय काय काय मिळतं

याचं लोकांना माहीतच नसतं म्हणून मागत नाहीत. खालचे आकडे पण त्याच २०२२ ते २०२६ च्या निकषांतले. दुधाची गाय किंवा म्हैस मेली तर ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००, कोंबडीला १०० रुपये. केंद्राच्या निकषात मोठी दुधाळ जनावरं घरटी तीनच धरायची आणि कोंबड्यांना १०,००० ची मर्यादा. २०२५ च्या पॅकेजात तीन जनावरांची अट काढली होती, एरवी असते. जनावर मेलं की पुरायची घाई करू नका, वास सुटला तरी. आधी पशुवैद्यकीय डॉक्टरला फोन, शवविच्छेदन, बिल्ल्यासकट फोटो, तलाठ्याचा पंचनामा, मग खड्डा. वाहून गेलं असेल तर पोलीस पाटील, सरपंच आणि शेजाऱ्यांचे जबाब पंचनाम्यात घ्यायला लावा, आणि लस टोचल्याची नोंद, डेअरीला दूध घातल्याच्या पावत्या, असं जे काही तुमच्याकडं ते जनावर होतं हे दाखवणारं असेल ते जोडा. डेअरीच्या पावत्या कुणी जपून ठेवत नाही, ठेवा.

जमीन. शेतात तीन इंचापेक्षा जास्त गाळ बसला तर काढायला हेक्टरी १८,०००, आणि माती खरडून गेली, नदीनं पात्र बदललं तर हेक्टरी ४७,०००, पण हे अल्पभूधारकांना, म्हणजे २ हेक्टरच्या आतल्यांना. खरडून गेलेल्या जमिनीचा पंचनामा पिकाच्या पंचनाम्यापेक्षा वेगळा करायला सांगा, एकाच कागदात "पीक व जमीन" असं मोघम लिहिलं की पिकाचे पैसे येतात आणि जमिनीचं राहून जातं. २०२५ ला याला जोडून रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतचं काम आणि बुजलेल्या विहिरीला ३०,००० जाहीर झाले होते. रोजगार हमीचे पैसे खात्यात थेट पडत नाहीत, ते काम मंजूर करून घ्यावं लागतं, ग्रामपंचायतीत नाव द्या आणि मागं लागा.

घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,०००, थोडंफार पडलं तर पक्क्याला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, गोठ्याला ३,०००. माणूस गेला तर वारसांना ४ लाख. त्या घरावर काय बेतलेलं असतं ते आपण जाणतो, पण शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलिसांचा पंचनामा याशिवाय ते पैसे निघत नाहीत, तेव्हा भावकीतल्या कुणीतरी एकानं ही बाजू सांभाळावी.

यादी, व्हीके नंबर आणि केवायसी

पंचनामे झाले की तहसीलला याद्या भरतात, वरून निधी मंजूर होतो, जीआर निघतो, आणि मग यादी पोर्टलवर चढते. प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, तोच व्हीके नंबर. यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लावतात, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण फिरते. ती यादी स्वतःचं नाव बघून बंद करू नका, पूर्ण वाचा. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यात याच अनुदानात बोगस नावं घालून पैसे काढल्याचं उघड झालं, तलाठी निलंबित झाले, गुन्हे दाखल झाले. जमीन नसलेल्या माणसाचं नाव यादीत दिसलं तर ते गावाइतकं लवकर कुणालाच कळत नाही.

तुमचा व्हीके नंबर आणि आधार घेऊन सेवा केंद्रात या. आम्ही नंबर टाकला की स्क्रीनवर नाव, गट, क्षेत्र, खातं आणि रक्कम दिसते. इथं घाई करू नका, मागं रांग असली तरी. ती माहिती वाचून दाखवायला सांगा. बरोबर असेल तर अंगठा लावा, चूक असेल, क्षेत्र कमी आहे किंवा खातं दुसऱ्याचं आहे, तर अंगठा न लावता तिथंच तक्रार नोंदवायची सोय आहे, ती तहसीलदारांकडं जाते. एकदा अंगठा लावून मान्य केलं की मग "क्षेत्र कमी लागलं" हे सांगत फिरणं फार जड जातं. केवायसी झाल्यावर पावती निघते ती घ्या, तीच पुढं पुरावा. आणि व्हीके नंबर, ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका, "तहसीलमधून बोलतोय, अनुदान अडकलंय" असे फोन याद्या लागल्या की सुरू होतात.

बाहेरगावी असाल तर गावाकडं यायची गरज नाही, केवायसी कुठल्याही सेवा केंद्रात होते, पुण्यात पण होते.

पैसे आले नाहीत तर

आधी पोर्टलवर व्हीके नंबर टाकून पेमेंटचं स्टेटस बघा. तिथं काय लिहिलंय त्यावर पुढचं ठरतं. केवायसी बाकी असेल तर ती करा. पैसे परत गेले असतील, आधार मॅप नाही किंवा खातं बंद, तर बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार जोडायचा फॉर्म भरा, "एनपीसीआय मॅपिंग करा" असंच म्हणा, नुसतं लिंक करा म्हणू नका, आणि मग तहसीलला एक अर्ज टाका की दुरुस्ती झालीये. जमा झाले असं दाखवत असेल आणि पासबुकात नसतील तर वर सांगितलं तसं दुसरं कुठलं खातं मॅप झालंय का ते शोधा, बहुतेकदा तिथंच सापडतात.

यादीतच नाव नसेल तर मात्र काम लांबचं आहे. पोचवाला अर्ज, फोटो, पंचनाम्याच्या कागदाचा फोटो, पीक पाहणीची नोंद हे सगळं जोडून तहसीलदारांना लेखी द्या आणि पुरवणी यादीत नाव घ्या म्हणून स्पष्ट मागणी करा. तोंडी सांगून आलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. तिथं हललं नाही तर उपविभागीय अधिकारी, 'आपले सरकार' या सरकारी साइटवर ऑनलाइन तक्रार, आणि माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून तुमच्या गटाच्या पंचनाम्याची प्रत मागा. माझा अनुभव असा की पंचनाम्याची प्रत मागितली की फाइल हलते, कारण मग कुणालातरी ती शोधावीच लागते.

शेवटचं, बँकेनं अनुदानाचे पैसे पीककर्जात वळते करून घेतले किंवा खात्याला होल्ड लावला तर गप्प बसू नका. मदतीची रक्कम कर्जात वळती करायची नाही असं सरकार मदतीच्या जीआरमध्येच लिहितं. त्या जीआरची प्रिंट काढा, तो परिच्छेद पेनानं खूण करा, मॅनेजरला लेखी अर्ज द्या आणि एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा अग्रणी बँकेला. प्रिंट आमच्यासारख्या कुठल्याही सेवा केंद्रात मिळते.